न घेणारं गिऱ्हाईक

घोड्यानं पळावं, बैलानं ओढावं आणि व्यापाऱ्यानं बसावं, असं शंकरप्पांचं मत होतं. हे मत त्यांनी सोलापूरच्या नवी पेठेतल्या आपल्या साड्यांच्या दुकानात, गादीवर बसून बनवलं होतं. त्यांच्या वडिलांचंही हेच मत होतं आणि ते त्याच गादीवर बसल्या बसल्याच वारले. त्यामुळे मताला घराण्याचा आधार होता.

दुकान जुन्या पद्धतीचं. जमिनीवर पांढरीशुभ्र गादी, कडेला लोड, मागं भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर छतापर्यंत साड्या. गिऱ्हाइकानं चप्पल काढून गादीच्या कडेला टेकायचं आणि शंकरप्पांनी त्याच्यापुढं साड्या उलगडत जायचं. वडिलांनी धंद्याचा एकच नियम शिकवला होता. गादीला टेकलेलं गिऱ्हाईक न दाखवता सोडायचं नाही. घेईल, न घेईल, ते त्याच्या नशिबात. दाखवणं आपल्या हातात.

म्हणून शंकरप्पा स्वतःला बसणारा माणूस समजत असले, तरी दिवसभरात त्यांचं बसणं कमी आणि उठणंच जास्त व्हायचं. वरच्या फळीवरची इरकल काढायला उठ, खाली बस, उलगड, पदर दाखव, घडी घाल, "ह्यात हिरवा न्हाय का?" म्हटलं की पुन्हा उठ. पंचाहत्तरीपर्यंत हे सुरळीत चाललं. याला ते व्यायाम म्हणत नसत. धंदा म्हणत.

मग टाळेबंदी आली.

लग्नसराईसाठी भरलेला माल बंद दुकानात राहिला तर उंदीर खातील, म्हणून मुलगा विरेश आदल्या संध्याकाळीच भारीतल्या साड्या टेम्पोत घालून घरी घेऊन आला आणि त्यानं त्या वरच्या मजल्यावर नेऊन रचल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं आई-वडिलांनाही वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं. दोन्हींच्या बाबतीत त्याच्या सूचना सारख्याच होत्या. बाहेरचा हात लागू द्यायचा नाही, ऊन लागू द्यायचं नाही आणि परिस्थिती निवळेपर्यंत जागचं हलवायचं नाही.

विरेश आणि त्याची बायको महेश्वरी खाली राहिले. विरेशला भाजी, औषधं, बँक यासाठी बाहेर जावं लागायचं, त्यामुळं तो संशयित होता. जिन्याच्या मधल्या वळणावर त्यानं वरच्या मजल्यावरची प्लास्टिकची खुर्ची आडवी टाकली. "अप्पा, ही आपली बॉर्डर," तो म्हणाला. महेश्वरी जेवणाचा डबा खुर्चीवर ठेवून मागं सरायची, मग दाक्षायणी, म्हणजे शंकरप्पांच्या पत्नी, खाली उतरून तो उचलायच्या. बाकीचं बोलणं फोनवर. एकाच घरात असल्यामुळं प्रत्येक वाक्य आधी जिन्यातून ऐकू यायचं आणि मग फोनमधून.

ह्याच सुमारास घरात इम्युनिटी आली. ती कोण, कुठली, हे शंकरप्पांनी विचारलं नाही. पण माहेरपणाला आलेल्या लेकीसारखे तिचे लाड सुरू झाले. तिच्यासाठी सकाळी काढा, दुपारी लिंबू, संध्याकाळी आवळा, रात्री हळदीचं दूध. महेश्वरी खालून सासऱ्यांना ओरडून विचारायची, "मामा, काढा पिलात का? इम्युनिटीला चांगला असतो."

शंकरप्पांनी सगळं प्यायलं. बसून प्यायलं. टीव्हीवर आकडे बघत बसले, जेवताना बसले, जेवण जिरावं म्हणून बसले. आयुष्यभर ज्या मताचा पुरस्कार केला ते पहिल्यांदाच पूर्णपणे अमलात आलं होतं.

चैत्र गेला, वैशाख आला. सोलापूरचं ऊन भिंतीतून आत यायला लागलं. एका सकाळी शंकरप्पा साड्यांना कसर लागली का बघायला खाली सतरंजीवर बसले. कसर नव्हती. समाधानानं त्यांनी उठायचं ठरवलं आणि ते उठले नाहीत.

पुन्हा ठरवलं. पुन्हा नाही. गुडघे समोरच होते, पण परक्या माणसाचे असावेत तसे बघत होते.

"अगं," त्यांनी हाक मारली, "जरा हात दे की."

दाक्षायणींनी हात दिला. शंकरप्पा उठले नाहीत. दाक्षायणीच खाली बसल्या.

दोघंही सतरंजीवर बसून ओरडायला लागल्यावर विरेश मास्क लावून जिन्यात धावत आला, बॉर्डरपाशी थांबला आणि तिथून सूचना द्यायला लागला.

"अप्पा, आधी एका कुशीवर व्हा!"

"मी काय बाळंत व्हायलोय का बे?"

"गुडघा टेका! आता खुर्चीला धरा!"

"कुठल्या खुर्चीला?"

"वरच्या!"

"वरची तुझ्यापुढं हाय की! तूच लावलास बॉर्डरला!"

विरेश खुर्चीकडं बघत राहिला. खुर्ची वर द्यावी तर तिला त्याचा हात लागलेला, न द्यावी तर बाप खाली. यावर तो विचार करत असतानाच दाक्षायणींनी खिडकीचा गज धरला, शंकरप्पांनी दाक्षायणींना धरलं आणि एकमेकांना शिव्या घालत दोघं उभी राहिली.

त्या संध्याकाळी फोन आला.

"अप्पा, मी विचार केला," विरेश म्हणाला. "दुकान उघडलं की गादी काढून टाकू. काचेचं काउंटर करू, समोर स्टुलं. आजकाल गादीवर बसतंय कोण? आणि तुम्ही आता घरी आराम करा."

वाक्य आधी जिन्यातून आलं, मग फोनमधून आलं. दोन्ही वेळेला तेच होतं.

शंकरप्पांनी फोन ठेवला आणि बराच वेळ काही प्यायलं नाही. गादी काढली म्हणजे त्यांना बसायला जागा नव्हती. जगात इतरत्र खुर्च्या, सोफे, पलंग, बाकडी होती. पण ती टेकायला. बसायला एकच.

महेश्वरीनं ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉल लावून दिला. बाईंनी शंकरप्पांना खुर्चीवरून उठून दाखवायला सांगितलं. आता वर खुर्ची नव्हती, म्हणून ते पलंगावरून उठले. दोन प्रयत्नांत.

"काढा घ्या, माझी हरकत नाही," बाई म्हणाल्या. "पण काढ्यानं पायात जोर येत नाही. माणूस हलता राहिला की रक्तातली राखणदार मंडळीही फेरीवर असतात. तुम्ही बसलात की तीही सुस्तावतात. या वयात तर फार लवकर. घरातल्या घरात चाला, उठा-बसा, हात वर करा. रोज, झेपेल तेवढं."

"मग कोरोना होत न्हाय?"

"असं मी म्हटलं नाही. झाला तर अंगात झुंजायला काहीतरी शिल्लक असेल, एवढंच म्हटलं."

शंकरप्पांना हा सौदा खात्रीचा वाटला नाही. तरी विरेशनं व्यायामाचा व्हिडिओ पाठवला. त्यात एक ठणठणीत म्हातारा हसतमुखानं उठत होता, बसत होता. शंकरप्पांनी शेंगा चटणी लावलेली कडक भाकरी मोडत मोडत तो शेवटपर्यंत बघितला.

"केलात का?" जिन्यातून प्रश्न आला.

"बघितला. त्यो लई दमला."

"तुम्ही करायचं असतं अप्पा!"

"मोकळंच कसं उठायचं बे? उठायला काय कारण?"

हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला होता. आयुष्यात ते हजारो वेळा उठले होते, पण उठण्यासाठी म्हणून एकदाही नाही. दाक्षायणी तेव्हा आतल्या खोलीत भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरप्पा पेपर बघत असताना दाक्षायणी समोरच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अंगावर बाहेर जायची साडी, खांद्याला पर्स, पायात चपला. चपला दारात काढून त्या सतरंजीच्या कडेला टेकल्या.

"इरकल दाखवा," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"मला. गिऱ्हाईक हाय मी."

"दाक्षायणी, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"नाव कशाला घेताय हो माझं? ओळख ना पाळख." दाक्षायणींनी पर्स मांडीवर घेतली. "दाखवणार न्हाय का? मग जाते समोरच्या दुकानात."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, पण दाक्षायणी दुकानात गिऱ्हाईक म्हणून कधी टेकल्या नव्हत्या. त्यांच्या साड्या घरी यायच्या. काठाला डाग पडलेली, धागा ओढलेली, तीन दिवाळ्या न खपलेला रंग. साडीवाल्याच्या बायकोला साड्यांची काय कमी, असं गल्ली म्हणायची. कमी नव्हतीच. निवड तेवढी नव्हती.

"समोरच्या दुकानात" हे शब्द ऐकून शंकरप्पांच्या अंगात वडील संचारले. समोरचा दुकानदार गिऱ्हाइकाला सरबत पाजून पळवतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते "बसा, बसा, बाई" म्हणाले, गादीच्या जागी सतरंजी आहे हे विसरले आणि खिडकीचा गज धरून कपाटाकडं निघाले.

पहिली इरकल उलगडली. दाक्षायणींनी काठ दोन बोटांत चोळला.

"ब्याड."

कानडीत नको म्हणायला हा शब्द पुरेसा असतो. घरात दोन्ही भाषा चालायच्या, नापसंती कानडीत.

दुसरी. ब्याड. तिसरी, पदर मोठा. चौथी, रंग म्हातारा. पाचवी बरी होती, पण "ह्याच्यात डाळिंबी असंल की, त्या वरच्या कप्प्यात दिसतंय." वरच्या कप्प्यासाठी शंकरप्पा उठले. खाली बसले. घड्या घातल्या. घाम पुसला. शेवटी दाक्षायणी उठल्या, "बघून येते बाजारात" म्हणाल्या आणि चपला घालून स्वयंपाकघरात गेल्या.

थोड्या वेळानं शंकरप्पा पाणी प्यायला आत गेले. दाक्षायणी घरातली साडी नेसून कांदा चिरत होत्या.

"आज एक बाई आलती," शंकरप्पा म्हणाले. बोलल्यावर त्यांना जरा संकोच वाटला, पण शब्द गेले होते. "डोकं खाल्लं नुसतं."

दाक्षायणींनी वर बघितलं. "घेतलं का काही?"

"कशाचं घेतंय! ढीग उलगडला. बघून येते म्हणून गेली."

"असतात हो एकेक बाया," दाक्षायणी कळवळून म्हणाल्या. "तुम्ही नका मनावर घेऊ."

बाई रोज यायला लागली. शंकरप्पांना काय चाललंय ते कळत नव्हतं असं नाही. पण कळलं म्हटलं असतं तर तो व्यायाम झाला असता, आणि व्यायाम त्यांना मान्य नव्हता. कळलं नाही म्हटलं की धंदा चालू राहत होता.

बाई दिवसेंदिवस वाईट होत गेली. तिला लागणारी साडी आज वरच्या कप्प्यात असायची, उद्या पलंगाखालच्या पेटीत. काल वर ठेवलेला माल आज खाली कसा, हे शंकरप्पांनी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "मला काय विचारताय, दुकान तुमचं." बाई पाणी मागायची. "भारी दुकान म्हणे, आणि साधं पाणी विचारत न्हाईत," म्हणायची. शंकरप्पा पाण्याला उठायचे. एकदा ती निम्म्यातून उठून झोपायच्या खोलीत गेली आणि परत येऊन म्हणाली, "समोरच्या दुकानात ह्याच्यापेक्षा बरा माल हाय." शंकरप्पांनी झोपायच्या खोलीकडं अशा नजरेनं बघितलं की पडदा हलला. रात्री त्यांना नाइलाजानं त्या दुकानात जाऊन झोपावं लागलं.

खिडकीचा गज धरायचं कधी सुटलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. गज तिथंच होता.

गल्ली अरुंद. समोरच्या घरात अक्कम्मा नावाची विधवा म्हातारी एकटीच राहायची. दिवसभर ती खाटेवर पडून असायची, कारण उठून करणार काय. तिनं काही दिवस हा प्रकार शंकरप्पांच्या गॅलरीच्या उघड्या दारातून बघितला आणि एका संध्याकाळी आपल्या गॅलरीच्या कठड्याशी येऊन उभी राहिली.

"शंकरप्पा, ती जांभळी इकडं दाखवा की. मला हितनं नीट दिसंना."

शंकरप्पांनी दाक्षायणींकडं बघितलं.

"दाखवा," बाई म्हणाली. "गिऱ्हाइकाला न्हाय म्हणत्यात व्हय?"

शंकरप्पांनी जांभळी साडी आपल्या गॅलरीच्या कठड्यावर सोडली. अक्कम्मांना नीट दिसावी म्हणून दोन्ही हात वर करून पदर धरला. अक्कम्मांनी डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली, वर गच्चीवर जाऊन बघितली, दमत दमत खाली आल्या आणि म्हणाल्या, "बरी हाय. पण माझ्याकडं हाय असली."

त्या दिवसापासून संध्याकाळी दुसरी पाळी सुरू झाली. कठड्यावर चार-पाच साड्या लोंबू लागल्या. शेजारच्या खिडक्यांतूनही म्हाताऱ्या डोकावायला लागल्या. टाळेबंदीत बाकी पेठ झोपली असताना ह्या एका गल्लीत घासाघीस चालू होती. भाव ठरायचे, फिसकटायचे. कुणी काही घेत नव्हतं. शंकरप्पांचं दुकान त्या दिवसांत सोलापुरातलं सर्वांत गर्दीचं असावं, विक्री सोडून.

आणि म्हणूनच कुणीतरी तक्रार केली.

इंद्रजीत नावाचा तरुण पोलीस, मूळचा माढ्याकडचा, काठी घेऊन गल्लीत आला. खालून विरेश मास्क सावरत बाहेर धावला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं; वरचा आवाज तो आई-वडिलांचं रोजचं भांडण समजत होता. त्यानं वर बघितलं, तर वडील कठड्यावर ओणवे होऊन मोरपंखी साडी झटकत होते.

"आजोबा!" पोलीस ओरडला. "दुकान कशापायी चालू ठिवलंय? बंदी हाय न्हवं?"

"दुकान कुटंय? घर हाय हे."

"मग ह्या साड्या कुणाच्या?"

"बायकोला दाखवायलोय."

"रोज?"

"तिला पसंत पडंना त्याला मी काय करू?"

"मला बी न्हाय पडली अजून!" समोरून अक्कम्मा ओरडल्या.

पोलिसानं कायदा आठवून बघितला. नवऱ्यानं बायकोला साडी दाखवू नये असं कलम त्याला आठवेना. "साहेब, मी समजावतो त्यांना," विरेश म्हणाला, तेवढ्यात वरून शंकरप्पांनी सवयीनं विचारलं, "तुमच्या मंडळींसाठी कशातलं दाखवू?"

"न्हाय, तसं न्हाय," पोलीस म्हणाला. त्याची बायको गावाकडं होती आणि तीन महिने त्याला घरी जाता आलं नव्हतं. तो काठीवर रेलला. "ती कडंची... ती पिवळी जरा उलगडा की."

शंकरप्पांनी पिवळी उलगडली.

"काठ हिरवा न्हाय का ह्यात?"

"हाय की! आत हाय. थांबा."

शंकरप्पा आत गेले. वरच्या कप्प्यातून हिरव्या काठाची काढली, परत आले, उलगडली. पोलिसानं मान वाकडी करून बराच वेळ बघितली. मग त्याला ड्युटी आठवली. "आता समद्यांनी खिडक्या लावा!" असं कुणाकडंच न बघता ओरडून तो गेला. विरेश मात्र खालीच उभा राहिला. वडील आत जाऊन किती लवकर परत आले, हे त्याला कुठंतरी टोचलं होतं. पण आई-वडिलांना दोघांनाही उन्हाचा त्रास झालाय, असा निष्कर्ष काढून तो घरात गेला.

पावसाळ्यात आजार घरी आलाच. आधी विरेशला, मग वरच्या दोघांना ताप, अंगदुखी. विरेश पंधरा दिवस खोलीत पडला. शंकरप्पा चार दिवसांत उठून बसले आणि "बाई आली का?" विचारायला लागले. श्रेयावरून घरात वाद झाला. महेश्वरी म्हणाली काढा. विरेश म्हणाला बॉर्डरची खुर्ची. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नशीबही धरा. पण हालचाल थांबवू नका." गिऱ्हाईक बाई पाचव्या दिवशी आली आणि तिनं नारायणपेठ मागितली.

दुकान मधल्या काळात उघडलं होतं, निम्मा माल फळ्यांवर परत गेला होता, पण म्हाताऱ्यांनी घरीच राहायचं होतं. गादी अजून जागेवर होती, ती केवळ काउंटर करणारा सुतार टाळेबंदीत गावी गेला तो परत आला नव्हता म्हणून. मग वर्ष उलटलं, लशी आल्या, दोन्ही डोस झाले, आणि एके दिवशी सुतारही आला.

"मला गादीवर बसायचंय," शंकरप्पा जिन्यातून म्हणाले. खुर्ची आता वर गेली होती.

विरेशला वडिलांना दुखवायचं नव्हतं, पण सतरंजीवरची ती सकाळ तो विसरला नव्हता. "एक काम करू अप्पा," तो म्हणाला. "दुकानात या. गादीवर बसा आणि कशाला न धरता उठून दाखवा. उठलात तर गादी राहील. न्हाई उठलात तर काउंटर. मग नाराज व्हायचं न्हाई."

"साकु," शंकरप्पा म्हणाले. बस्स, एवढंच हवं होतं.

नवी पेठेत त्या सकाळी गर्दी होती. रिक्षा, माणसं, हातगाड्या, सगळे एकमेकांच्या अंगावर, जसं मधल्या काळात काही झालंच नव्हतं. शंकरप्पा पायऱ्या चढले, चप्पल काढली आणि गादीवर बसले. लोड पाठीला लागला. त्यांनी डोळे मिटले. विरेश समोर उभा, सुतार बाजूला टेप घेऊन.

"उठा अप्पा."

शंकरप्पांनी उठायचं ठरवलं. काही झालं नाही.

त्यांनी डोळे उघडले. गुडघ्यांकडं बघितलं. गुडघे पुन्हा परक्याचे दिसत होते. दीड वर्षात ते रोज उठले होते, पण कुणी "उठा" म्हटलं म्हणून एकदाही नाही. रिकामं उठायचं कसं, हे शरीराला ठाऊक नव्हतं. हात गादीकडं जायला लागला, तो त्यांनी मागं घेतला. टेकला की संपलं.

"एक, दोन, तीन म्हणू का?" विरेशनं विचारलं. म्हणाला. तिनापर्यंत काही घडलं नाही.

शंकरप्पांच्या कपाळावर घाम आला. विरेशनं नजर दुसरीकडं वळवली. त्यालाही बरं वाटत नव्हतं. "असू दे अप्पा. बसा तुम्ही निवांत," तो हळू म्हणाला आणि त्यानं सुताराला खूण केली. सुतार आकड्यांचा माणूस. त्यानं टेपचं टोक शंकरप्पांच्या मांडीजवळ गादीच्या कडेला अडकवलं आणि काउंटरची लांबी मोजायला सुरुवात केली.

तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या. बाहेर जायची साडी, खांद्याला पर्स. बाईनं चपला काढल्या, सुताराचा टेप ओलांडला आणि गादीच्या कडेला टेकली. खऱ्या गादीला ती पहिल्यांदाच टेकत होती. तिनं हातानं गादी जरा दाबून बघितली.

"अव्वा, तू कशाला आलीस?" विरेश आईला म्हणाला.

बाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "इरकल दाखवा," ती म्हणाली. "ती न्हाय. वरच्या फळीवरची. डाळिंबी."

"वरची महाग हाय बाई," शंकरप्पा म्हणाले.

"मग समोर जाते."

टेपचं टोक निसटून सुताराच्या बोटावर सटकन बसलं. शंकरप्पा फळीपाशी उभे होते. कसे गेले, हे सुतार, विरेश आणि खुद्द शंकरप्पा, तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. त्यांनी टाचा उचलून वरची इरकल काढली, परत आले, मांडी घालून बसले आणि एका झटक्यात साडी गादीभर पसरली. डाळिंबी रंग बाईच्या गुडघ्यापर्यंत आला.

विरेशचं तोंड उघडं होतं. सुतार बोट चोखत होता.

बाईनं काठ दोन बोटांत चोळला. पदर उलटा करून बघितला. उजेडाकडं धरला. शंकरप्पा पुढच्या साडीसाठी उठायच्या तयारीत होते. एव्हाना त्यांना सगळे डाव पाठ होते. आता ब्याड, मग हिरवी, मग पाणी.

बाईनं साडी मांडीवर ओढून घेतली.

"बेकु," ती म्हणाली.

हवी.

शंकरप्पांना पुढं काय करायचं ते सुचेना. अर्धवट उठलेले ते तसेच थांबले. ह्या बाईला दाखवायचं त्यांना ठाऊक होतं. विकायचं ठाऊक नव्हतं. साडीला डाग नव्हता, धागा ओढलेला नव्हता, रंग न खपलेला नव्हता. त्यांनी दोनदा तपासून बघितलं. मग त्यांनी घडी घातली, इतकी नीट की सुतारही बघत राहिला, आणि स्वतः उठून पिशवी आणली.

विरेशनं सुताराला बाजूला घेतलं. "काउंटर नको," तो म्हणाला. "गादीच्या मागची एक फळी हललीय, ती तेवढी ठोकून द्या."

संध्याकाळी शंकरप्पा घरी आले, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. दाक्षायणी भाकरी थापत होत्या.

"आज ती बाई दुकानात आलती," शंकरप्पा म्हणाले.

"मग? घेतलं का काही?"

"घेतलं. भारीतली. पहिलीच दाखवली नि घेतली."

"बघा. तुम्ही उगाच नावं ठेवत होता तिला."

शंकरप्पा दाराला टेकले. एक गोष्ट त्यांना दुपारपासून सतावत होती. "घेतलं म्हणजे आता परत काय येत न्हाय ती."

दाक्षायणींनी भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला.

"येईल की," त्या म्हणाल्या. "बदलून घ्यायला येईल."

"आपल्याकडं विकलेला माल बदलून मिळत न्हाय. पाटीच लावलीय तशी."

"त्या बाईला काय माहीत," दाक्षायणी म्हणाल्या. "तिनं कुटं वाचलीय पाटी."